वीस डॉलरची पेटी आणि ईप्रॉमची खिडकी

पेटी दिसायला देखणी आहे, हे आधी सांगते. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, झाकण चार बारक्या लोहचुंबकांनी टक्कन बसतं, आणि ॲक्रिलिक इतकं स्वच्छ की फडताळावर ठेवली की आतली वस्तू अधांतरी तरंगल्यासारखी वाटते. जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट जपणाऱ्यांसाठी म्हणूनच ही विकतात. वर्णनात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ९९ टक्के अतिनील किरण अडवते. त्या एका ओळीसाठी मी ती घेतली. २० डॉलर, टपालखर्च वेगळा.

तिच्यात ठेवायचं होतं ते असं. सेगा जेनेसिस या जुन्या गेम कन्सोलसाठीच्या एका बास्केटबॉल खेळाचा प्रोटोटाइप, म्हणजे खेळ तयार होत असतानाची प्रत. पुढे तो खेळ रीतसर बाजारात आला, म्हणून तर मला परवडला. जे खेळ कधी आलेच नाहीत त्यांचे प्रोटो माझ्यासारखीच्या आवाक्यात नसतात. याला वरचं प्लास्टिकचं कवच नाही, नुसता हिरवा बोर्ड. बोर्डावर दोन सॉकेट, सॉकेटांत दोन चिपा, आणि प्रत्येक चिपेवर पांढरा कागदी स्टिकर. एकावर बॉलपेननं 'ऑड', दुसऱ्यावर 'इव्हन'. खाली ८/१४, म्हणजे अमेरिकी पद्धतीनं १४ ऑगस्ट. ज्यानं लिहिलं त्याला घाई होती. 'ऑड'च्या शेवटच्या अक्षराची रेघ स्टिकरच्या बाहेर चिपेच्या सिरॅमिकवर गेली आहे. 'इव्हन'च्या स्टिकरचा डिंक वाळून एक कोपरा उचलला गेलाय आणि त्याखालून काचेची गोल खिडकी चंद्रकोरीएवढी दिसते. दिव्याखाली बोर्ड थोडा कलता केला की खिडकीच्या तळाशी सोनेरी चौकोन चमकतो. तो चौकोन म्हणजे अर्धा खेळ.

दुकानात विकायला आलेल्या कॅसेटमध्ये बहुधा मास्क रॉम असतो. त्यातली माहिती कारखान्यातच चिपेच्या रचनेत घडवलेली असते. उजेडानं ती जात नाही. प्रोटोटाइप मात्र आठवड्याला बदलणारी गोष्ट. आज एक आवृत्ती, पुढच्या शुक्रवारी दुसरी. एक चाचणी करणाऱ्यांना, एक मासिकाच्या परीक्षकाला, एक प्रदर्शनात मांडायला. त्यासाठी पुसून पुन्हा भरता येईल अशी चिप लागते, ती ईप्रॉम. इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी ती १९७१ साली बनवली. माहिती तिच्यात विद्युतभाराच्या रूपानं असते. चहूबाजूंनी निरोधकानं वेढलेल्या सूक्ष्म कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात आणि खिडकीतून अतिनील प्रकाश पडला की ते सुटतात. पुसायची ठरलेली रीत म्हणजे २५३.७ नॅनोमीटरच्या दिव्याखाली १५ ते २० मिनिटं. उत्पादकांच्या माहितीपत्रकांत आणखी दोन आकडे असतात, आणि ते मी संगणकाच्या पडद्यालाच चिकटवून ठेवलेत: खिडकी उघडी ठेवून चिप थेट उन्हात राहिली तर साधारण १ आठवडा, खोलीतल्या ट्यूबलाइटखाली साधारण ३ वर्षं. मग ती कोरी.

कोरी म्हणजे काय हे मी डोळ्यांनी पाहिलंय. १९९४ साली कोल्हापूरच्या बाजूला डिप्लोमा करत होते. प्रयोगशाळेत ८०८५ प्रोसेसरची किट होती, २७१६ आणि २७६४ या ईप्रॉम चिपा होत्या, आणि कोपऱ्यात टिफिनच्या डब्याएवढी एक पत्र्याची पेटी. तिला ड्रॉवर आणि वर गोल फिरवायचा टायमर. तोच चिपा पुसायचा इरेझर. आमच्या गटाचा ट्रॅफिक सिग्नलचा प्रोजेक्ट एका २७६४मध्ये होता. चिपेवर स्टिकर लावायचा राहिला होता. दुसऱ्या गटातल्या मुलीनं पुसायच्या चिपा गोळा करताना आमचीही उचलली. वीस मिनिटांनी ती वाचली तर पहिल्यापासून शेवटपर्यंत एफएफ, एफएफ, एफएफ. आमच्याकडे दुसरी प्रत नव्हती. वहीत हातानं लिहिलेले हेक्स कोड होते, त्यातलं एक पान नव्हतं. तीन रात्री बसून पुन्हा टाइप केलं. सर एवढंच म्हणाले, "पोरींनो, चिपेला कागद लावायचा आणि कागदाची प्रत ठेवायची." त्या वेळी फ्लॉपीच्या खाचेवर लावायचे ते चंदेरी चिकटपट्टीचे तुकडे मिळायचे. दुसऱ्या दिवसापासून आमच्या प्रत्येक चिपेच्या खिडकीवर तो तुकडा असायचा.

त्यामुळे '९९ टक्के' वाचून माझं समाधान होणं शक्यच नव्हतं. पेटी आली त्याच रात्री स्वयंपाकघरातले दिवे मालवून तपासणी केली. माझ्याकडे ३६५ नॅनोमीटरची टॉर्च आहे. २० डॉलरच्या नोटेत एक सुरक्षा-पट्टी असते, ती अतिनील प्रकाशात हिरवी चमकते. (५च्या नोटेत निळी, १००च्या नोटेत गुलाबी.) नोट टेबलावर पसरली, टॉर्च मारली, हिरवी रेघ लख्ख. मग नोटेवर पेटीचं झाकण धरलं आणि झाकणातून टॉर्च मारली. रेघ दिसतच राहिली. जराशी मंद, पण बिनचूक हिरवी. मग फोटोफ्रेमच्या दुकानातून आणलेला अतिनील-रोधक ॲक्रिलिकचा तुकडा मधे धरला, तेव्हा रेघ गायब. दोन्ही तुकडे चार-चार वेळा बदलून पाहिले, मुलाला बोलावून दाखवले. फरक इतका उघड होता की मोजायला यंत्र लागलं नसतं.

हे काही प्रयोगशाळेतलं मापन नव्हे. नोट चमकली नाही म्हणजे सगळी तरंगलांबी अडली, असा अर्थ होत नाही. पण चमकली म्हणजे काहीतरी आत येतंय, हे नक्की; आणि ४०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश ईप्रॉम हळूहळू पुसतो, असं माहितीपत्रकच सांगतं. विक्रेत्याला फोटोसकट लिहिलं. महिना झाला, उत्तर नाही. पेटी परत केली नाही, कारण धूळ आणि धक्का यांपासून ती खरंच सांभाळते. नेहमीची कॅसेट, खोका, माहितीपुस्तिका मांडायला घ्यायची असेल तर बिनधास्त घ्या, फक्त घराच्या खिडकीसमोर ठेवू नका. खिडकीवाली चिप उघडी असलेला बोर्ड मात्र हिच्यात ठेवू नका. पाचपैकी अडीच.

आता बोर्ड आला कशातून, ते. विकणाऱ्यानं तो काळ्या स्पंजात खोचून पाठवला होता. हा स्पंज इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना माहीत असतो. चिपांचे पाय त्यात रुतवून ठेवायचे म्हणजे स्थिर विजेनं चिप मरत नाही. नवा असताना तो उत्तम. पण तो जुना झाला की कुजतो, चिकट भुगा होतो आणि त्यातून निघणारी रसायनं धातू खातात. माझ्या बोर्डाच्या सोनेरी कडेला, जिथे कॅसेट कन्सोलमध्ये बसते तिथे, काळा चिकट थर आला होता आणि दोन्ही चिपांचे पाय काळवंडले होते. देव्हाऱ्यातली चांदीची निरांजनं महिनाभर घासली नाहीत की जी काळी झाक येते, अगदी तीच. कारणही बहुधा तेच, गंधक. म्हणून रबरबँड, रबरी चटई, जुना स्पंज यांपैकी काहीही चिपांजवळ नको. तुमच्या संग्रहात कोणाच्या घरून आलेला प्रोटो अजून मूळच्या स्पंजात असेल, तर हे वाचून झाल्यावर आधी तो बाहेर काढा.

पिशव्यांबद्दल थोडक्यात. गुलाबी प्लास्टिकची पिशवी स्वतः स्थिर वीज तयार करत नाही, एवढंच तिचं काम. बाहेरून येणारा झटका ती अडवत नाही, आणि तिच्यातलं रसायन काळाबरोबर उडून जातं. धातूचा मुलामा असलेली राखाडी-चंदेरी पिशवी घ्यावी. मी दहा डॉलरला शंभर घेतल्या. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारून पाहा, सुट्यासुद्धा मिळतील. पण या पिशवीमुळे एक गैरसमज होतो, आणि तो महागात पडणारा आहे. ती चंदेरी दिसते म्हणून लोकांना वाटतं की उजेड अडला. पिशवी दिव्यासमोर धरून पाहा, आरपार दिसतं. उजेडासाठी वेगळी सोय हवी.

ती सोय मी घरीच केली. मूळ स्टिकरवर नवा स्टिकर लावायचा मोह मला झाला होता. चंदेरी चिकटपट्टी हाताशी होती, सवय जुनी होती. पण हा स्टिकर म्हणजे या वस्तूचं हस्ताक्षर. त्यावर डिंक लागला की पुढे तो काढताना कागद फाटणार. म्हणून अल्बमवाले वापरतात तो आम्लरहित काळा पुठ्ठा आणला, प्रत्येक चिपेच्या मापाची एक टोपी दुमडली आणि ती नुसती वर बसवली. डिंक नाही, टेप नाही. ॲल्युमिनियम फॉइलही चाललं असतं, पण ते सरकून पायांना लागलं तर शॉर्ट. पुठ्ठ्याचे तीन डॉलर. या सगळ्या खरेदीत पैशाच्या मानानं सगळ्यात जास्त काम या तीन डॉलरनी केलं.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले ती वस्तू. एक्सजेको कंपनीचा टी४८ प्रोग्रॅमर, म्हणजे चिपा वाचायचं आणि भरायचं यंत्र. हातावर मावेल एवढी काळी डबी, वर ४८ छिद्रांचं सॉकेट आणि बाजूला दांडी. दांडी वर केली की चिप आपोआप आत उतरते, खाली केली की पकडते. पायांवर जोर येत नाही. मला तो सत्तरच्या आत पडला. आमच्या वेळी असलं यंत्र प्रयोगशाळेत कुलुपात असायचं आणि सरांच्या सहीशिवाय हात लावता येत नसे.

प्रोटो पेटीत ठेवायच्या आधी वाचा. डंप करा, म्हणजे चिपेतली माहिती संगणकावर फाइलमध्ये उतरवून घ्या. पेटी, पिशवी, पुठ्ठा, कपाट हे सगळं चिपेचं बाहेरचं अंग सांभाळतं. आतला विद्युतभार तिथे राहिलाय की नाही हे यांपैकी एकही सांगू शकत नाही. तीस वर्षांपूर्वी भरलेल्या चिपेतला भार अंधारातही हळूहळू गळतो. बहुतेक चिपा माहितीपत्रकातल्या मुदतीपेक्षा पुष्कळ जास्त टिकल्यात हे आपलं भाग्य. त्यावर किती दिवस विसंबायचं?

बोर्डावरून चिप काढताना स्क्रूड्रायव्हरनं एका बाजूनं उचकटू नका, पलीकडचे पाय वाकतात, आणि काळवंडलेला पाय एकदा वाकला की सरळ करताना तुटतो. चिप काढायचा चिमटा दोन-तीन डॉलरला मिळतो. दोन्ही टोकं आलटून पालटून केसभर उचलायची. काढायच्या आधी फोटो घ्या: खाच कुठल्या बाजूला, कोणती चिप कोणत्या सॉकेटात. टी४८मध्ये कोणती चिप आहे हे निवडावं लागतं, आणि इथे मला माझ्या उचललेल्या कोपऱ्याचा उपयोग झाला. स्टिकरनं सगळा छापील मजकूर झाकला होता, पण कोपऱ्याखाली २७सी०४० एवढी अक्षरं वाचता आली. बत्तीस पायांची, ५१२ केबीची. चिप कशी बसवायची ते सॉफ्टवेअर चित्र काढून दाखवतं. चित्र दोनदा पाहा. उलटी बसली तर गेली.

एक गोष्ट लक्षात ठेवा. वाचायच्या आधी सॉफ्टवेअर चिपेची ओळख तपासतं आणि त्यासाठी एका पायावर १२ व्होल्टच्या आसपास दाब देतं. ईप्रॉमला तो सोसतो. पण चिप नेमकी कोणती हे तुम्ही अक्षरं वाचून ठरवलेलं नसेल, नुसता अंदाज असेल, तर ही तपासणी बंद करून मगच वाचा.

'ऑड' पहिल्या फटक्यात वाचली. पुन्हा वाचली, तिसऱ्यांदा वाचली, सीआरसी३२, म्हणजे फाइलवरून काढलेला पडताळ्याचा आकडा, तिन्ही वेळा तोच. 'इव्हन'नं घाम फोडला. पहिली दोन वाचनं सारखी, तिसरं वेगळं, चौथं त्याहून वेगळं. माझ्या पोटात गोळा आला. भार गळायला लागला की असंच होतं. काठावरचा बिट कधी शून्य वाचला जातो, कधी एक. चहा केला, तो तसाच गार झाला. मग टी४८ची पायतपासणी चालवली आणि तिनं एका पायाचा संपर्क नीट नाही असं दाखवलं. काळी झाक! ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, फोमची बारीक काडी, आणि भिंगाखाली एकेक पाय. बत्तीस पायांना पाऊण तास. काडीवर राखाडी डाग येत होते, नंतर येईनासे झाले. खोडरबरानं घासायचं मी टाळते, ते मुलामाही खरवडतं. चिप पुन्हा बसवली आणि दहा वेळा वाचली. दहाही वेळा तोच आकडा. तेव्हा कुठे मी गार चहा प्यायले.

जेनेसिसचा प्रोसेसर ६८०००. तो एका वेळी दोन बाइट उचलतो, एक या चिपेतून, एक त्या चिपेतून. म्हणून 'ऑड' आणि 'इव्हन'. प्रत्येक जेनेसिस खेळाच्या सुरुवातीला, २५६व्या बाइटपासून, यंत्राचं नाव लिहिलेलं असतं. 'इव्हन'ची फाइल उघडली तर (एका चिपेत निम्मेच बाइट, म्हणून १२८व्यापासून) दिसलं: एस, जी, रिकामी जागा, ई, ई, आय. 'ऑड'मध्ये: ई, ए, जी, एन, एस, एस. दोन पेडांची वेणी घालावी तसे बाइट एकाआड एक गुंफायचे. चार ओळींची पायथन स्क्रिप्ट चालवली आणि पडद्यावर अक्षरं जुळून आली: सेगा जेनेसिस. ती ओळ पाहताना डोळे भरून आले, खरंच सांगते. १९९४च्या त्या एफएफ, एफएफची आठवण होती ती.

एकूण १०,४८,५७६ बाइट. खेळाच्या शीर्षभागात एक बेरीज नोंदवलेली असते, तीवरून फाइल बरोबर आहे का ते पडताळता येतं. माझ्या फाइलची बेरीज जुळली नाही. यावरून घाबरू नका. काम चालू असताना ती बेरीज भरायचीच राहिलेली असते, प्रोटोटाइपमध्ये हे नेहमीचं आहे. म्हणून तर अनेक वेळा वाचून स्वतःशीच पडताळा घ्यायचा. बाजारात आलेल्या आवृत्तीशी तुलना केली तेव्हा फरक सापडले. प्रेक्षकांचा आवाज नाही, गुणफलकावरचे आकडे वेगळ्या वळणाचे, आणि मध्यंतरात जिथे पुढे चित्र आलं तिथे नुसता निळा पडदा. ऑगस्टमधल्या त्या दिवशी कोणीतरी हे सगळं अजून करायचं बाकी ठेवून घरी गेलं होतं. मुलगा ही प्रत एव्हरड्राइव्हवर, म्हणजे मेमरी कार्डावरच्या फाइली कन्सोलवर चालवणाऱ्या कॅसेटवर, टाकून खेळतो. मूळ बोर्डाला कन्सोलमध्ये घालायची आता गरजच नाही, हा डंपचा आणखी एक फायदा.

टी४८ची उणीव सांगायची तर सोबतचं सॉफ्टवेअर विंडोजपुरतं आहे आणि त्यातली इंग्रजी भाषांतरित असल्यानं काही सूचना दोनदा वाचाव्या लागतात. लिनक्सवर 'मिनीप्रो' नावाचं मुक्त सॉफ्टवेअर चालतं, मी आता तेच वापरते. बाकी तक्रार नाही. पाचपैकी पाच. प्रोटोटाइप जपायला एकच वस्तू घेण्याइतके पैसे असतील तर ही घ्या, आणि बोर्ड बुटाच्या खोक्यात ठेवा.

यानंतर कोरडं कपाट. कॅमेऱ्याच्या भिंगांना बुरशी लागू नये म्हणून छायाचित्रकार जे विजेवरचं कपाट ठेवतात, तेच. माझा दादा कोल्हापुरात आपली भिंगं त्याच्यात ठेवतो. जुलैत तिथे भिंतीला हात लावला तरी ओल लागते, त्यामुळे त्याच्या घरी ते फ्रिजइतकंच गरजेचं. आम्ही अमेरिकेत, पोर्टलंडच्या पश्चिमेला राहतो. इथेही पावसाळा ऑक्टोबरला सुरू होतो तो मे उजाडेपर्यंत रेंगाळतो, पण घरात हीटर असतो. त्यामुळे मला कपाट अत्यावश्यक नव्हतं. दीडशे डॉलर जास्त झाले हे मान्य करते. आर्द्रतेचा काटा ४० ते ४५ टक्क्यांवर ठेवलाय. त्याहून कोरडं करू नका, फार कोरड्या हवेत स्थिर वीज जास्त साठते. कपाटाच्या दाराला काच आहे, तिला आतून काळा कागद लावला. कोकणात किंवा मुंबईत राहून कोणाला एवढा खर्च नको असेल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ पुरतं. जेल नारिंगीचं हिरवं होणारं घ्या. निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं, ते घरात नको. ओलं झालं की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतं. प्लायवूडच्या कपाटात मात्र डबा उघडा ठेवू नका, त्या लाकडातून आम्लाची वाफ येत राहते.

आता जरा अवघड विषय. प्रोटोटाइप पारदर्शक खोक्यात कायमचे सीलबंद करून, दर्जा ठरवून घेऊन, विकायची पद्धत आलीय. किंमत वाढते हे खरं. निन्टेंडो आणि सोनी यांनी मिळून केलेल्या प्लेस्टेशनचा प्रोटोटाइप मार्च २०२०मध्ये हेरिटेज कंपनीच्या लिलावात ३,६०,००० डॉलरला गेला. अशा बातम्यांनंतर माळ्यावरच्या खोक्यांकडे लोक वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. त्यात वाईट काही नाही, त्यामुळे कितीतरी बोर्ड कचऱ्यात जायचे वाचले. पण ईप्रॉम न वाचता सील करणं मला पटत नाही. खोक्यात खेळ आहे की एफएफ आहेत, हे विकणाऱ्याला माहीत नाही, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि पाहायचं तर सील तोडावं लागणार.

उलट बाजूनं काय होऊ शकतं ते सिमसिटीच्या बाबतीत दिसलं. सुपर निन्टेंडो कन्सोलवरची सिमसिटी, म्हणजे शहर वसवायचा खेळ, सगळ्यांना माहीत आहे. तिच्याच जोडीला एनईएस या आधीच्या कन्सोलसाठीही एक आवृत्ती निन्टेंडोनं तयार करायला घेतली होती. १९९१च्या सुरुवातीला प्रदर्शनात दाखवली, आणि मग ती कधी आलीच नाही. २०१७मध्ये तिच्या दोन प्रोटोटाइप कॅसेट पुढे आल्या, तेही आमच्याच पोर्टलंडच्या रेट्रो गेमिंग मेळाव्यात. फ्रँक सिफाल्डी यांच्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या प्रयत्नांतून ती वाचली गेली आणि २०१८च्या अखेरीस सगळ्यांसाठी खुली झाली. सत्तावीस वर्षं ती त्या चिपांमध्ये टिकून होती. याच संस्थेनं २०२३ साली अमेरिकेतल्या २०१०च्या आधीच्या खेळांची पाहणी केली, तेव्हा त्यातले ८७ टक्के अधिकृतपणे नव्यानं विकत मिळत नव्हते असं दिसलं. हे बाजारात आलेल्या खेळांचं झालं. जे आलेच नाहीत त्यांची तर एखाद-दुसरी चिप हीच काय ती प्रत.

माझा बास्केटबॉलचा खेळ सिमसिटी नव्हे, पण निळ्या पडद्याची ती आवृत्ती मला दुसरीकडे कुठे सापडलेली नाही. फाइलच्या तीन प्रती केल्यात. एक माझ्या संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक कोल्हापूरला दादाकडे. त्याला काय ठेवलंय ते सविस्तर सांगितलं. "तुझ्या त्या पिवळ्या कॅसेटसारखंच ना?" म्हणाला. आमच्या घरी होती ती, लाखभर खेळांची म्हणून विकलेली आणि प्रत्यक्षात सात-आठच खेळ असलेली. सोबत फोटो आहेत, दोन्ही चिपांचे, दोन्ही बाजूंचे, स्टिकरवरच्या हस्ताक्षराचे, आणि एसएचए-१ हे पडताळ्याचे आकडे एका साध्या मजकुराच्या फाइलीत. एक प्रत जतन करणाऱ्या संस्थेकडे पाठवायची आहे. पत्र लिहून तयार आहे.

ॲक्रिलिकच्या पेटीत आता बाजारात आलेली तीच कॅसेट ठेवलीय, खोक्यासकट. फडताळावर छान दिसते. बोर्ड कपाटात आहे, चंदेरी पिशवीत, दोन काळ्या टोप्या घालून. पिशवीवर पेन्सिलनं दोन्ही चिपांचे आकडे आणि पुढच्या वाचनाची तारीख लिहिलीय: १४ ऑगस्ट.